बिघाड कोठे झाला? – ईजीएफआर प्रथिन, त्यातील उत्परिवर्तने आणि आपली चिकित्सा

कर्करोगाचा रुग्ण आता केवळ अखेरच्या अवस्थेत वैद्याकडे येतो असे राहिलेले नाही. अर्बुदतज्ज्ञांची चिकित्सा चालू असतानाच भूक लागावी, झोप यावी, अतिसार थांबावा, अंगावरील पुरळ कमी व्हावे म्हणून तो आपल्याकडे येतो. त्याच्या पिशवीत सीटी स्कॅन व बायोप्सीचा अहवाल तर असतोच. परंतु फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाजवळ आणखी एक कागद असतो आणि त्यावर ‘ईजीएफआर एक्झॉन १९ डिलीशन’, ‘एल८५८आर पॉझिटिव्ह’ किंवा ‘टी७९०एम’ अशी एखादी ओळ छापलेली असते. बहुसंख्य वैद्य ही ओळ वाचून कागद परत देतात, कारण हा विषय आपला नव्हे अशी समजूत आहे. वास्तविक रुग्ण कोणती गोळी घेत आहे, ती का लागू पडत आहे व आपल्या औषधाने तिच्या कार्यात व्यत्यय येऊ शकेल काय, या प्रश्नांचे निम्मे उत्तर त्या ओळीतच असते. प्रस्तुत लेखात त्या ओळीचा अर्थ उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

निरोप पोहोचविणारे प्रथिन

पेशीने केव्हा वाढावे, केव्हा विभागावे आणि केव्हा थांबावे हे ती एकटी ठरवीत नाही. शेजारील पेशींकडून व रक्तातून तिला निरोप येत असतात. हे निरोप आणणारे रेणू बहुधा पेशीच्या आत शिरत नाहीत. पेशीच्या आवरणात रोवलेली ग्राही प्रथिने ते बाहेर स्वीकारतात आणि आत कळवितात. ईजीएफआर हे अशांपैकी एक, त्वचा व श्लेष्मल कलांच्या पेशींच्या वाढीचा निरोप घेणारे ग्राही प्रथिन होय.

या निरोपाचा शोध मोठ्या विलक्षण मार्गाने लागला. अमेरिकेतील संशोधक स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लालाग्रंथींतून वेगळे केलेले एक द्रव्य नवजात पिलांना टोचले, तेव्हा पिलांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले आणि दातही लवकर आले. १९६२ साली हे कार्य प्रसिद्ध झाले. त्वचेच्या बाह्य थराची वाढ घडविणारे हे द्रव्य पुढे ‘ईजीएफ’ या नावाने ओळखले गेले आणि १९८६ साली कोहेन व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ईजीएफचा स्वीकार करणारे ग्राही प्रथिन ते ईजीएफआर.

या प्रथिनाचे जनुक सातव्या गुणसूत्रावर असून ते २८ अर्थपूर्ण खंडांत विभागलेले आहे. या खंडांनाच एक्झॉन म्हणतात. जनुकाच्या आज्ञेनुसार १२१० अमिनो आम्लांची साखळी तयार होते. तिच्या आरंभीचा २४ अमिनो आम्लांचा तुकडा कापला जाऊन ११८६ अमिनो आम्लांचे प्रथिन पेशीच्या आवरणात स्थिरावते. त्याचे मुख्य भाग असे : निरोप स्वीकारणारा बाह्य भाग, आवरणातून आरपार जाणारा लहान मध्यभाग, आवरणाच्या आतील बाजूस असलेला विकर-भाग आणि शेवटची लांब शेपटी. विकर-भागाला ‘कायनेज’ म्हणतात. एटीपी या ऊर्जाद्रव्यातील फॉस्फेट काढून ते टायरोसीन या अमिनो आम्लावर बसविणे हे त्याचे काम.

निरोप आला नसता बाह्य भाग दुमडलेला असतो व कायनेज निष्क्रिय असते. ईजीएफ येऊन चिकटले की बाह्य भाग उघडतो आणि दोन ग्राही एकत्र येतात. आतमध्ये एका ग्राहीचे कायनेज दुसऱ्याच्या कायनेजला एका बाजूने रेटते व त्यास कार्यप्रवृत्त करते; ही रचना २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी स्पष्ट केली. मग शेपटीवर फॉस्फेटे बसतात आणि त्यांना धरून पुढील प्रथिने कामाला लागतात. रास-राफ-मेक-अर्क ही एक साखळी विभाजनाची आज्ञा केंद्रकापर्यंत नेते. पीआय३के-एकेटी ही दुसरी साखळी पेशीला जगवून ठेवते. पाटलाचा निरोप कोतवालाला आणि कोतवालाची दवंडी गावभर, असा हा व्यवहार आहे. काम झाल्यावर ग्राही पेशीच्या आत ओढला जाऊन नष्ट होतो व दवंडी थांबते. आरोग्यात सुरू होणे आणि थांबणे या दोन्ही क्रियांना सारखेच महत्त्व आहे.

बाह्य भागातील बिघाड

ग्राहीचा बाह्य भाग केवळ निरोप घेतो असे नव्हे, तर निरोप नसताना आतील विकरास आवरूनही धरतो. याचा पहिला दाखला एका विषाणूने दिला. कोंबड्यांमध्ये रक्तपेशींचा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूतील एक जनुक ईजीएफआरच्या जनुकाशी जुळते, हे १९८४ साली लंडन येथील मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटाने दाखविले. विषाणूच्या प्रथिनात ग्राहीचा बाह्य भाग जवळजवळ नव्हताच. आवरून धरणारा भाग गेला आणि आज्ञा अखंड सुरू राहिली.

असाच प्रकार मानवात ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या दुर्धर अर्बुदात आढळतो. या अर्बुदाच्या बऱ्याच रुग्णांत ईजीएफआरचे एक्झॉन २ ते ७ गळून जातात व बाह्य भागातील २६७ अमिनो आम्ले नाहीशी होतात. असे प्रथिन ईजीएफला धरू शकत नाही, तरीही संकेत देतच राहते. मात्र फुफ्फुसाच्या कर्करोगात उपयोगी ठरलेल्या गेफिटिनिब, एर्लोटिनिब या गोळ्या मेंदूच्या या अर्बुदात अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडल्या नाहीत. प्रथिन तेच असले तरी बिघाडाचे ठिकाण निराळे असल्याने कायनेजची घडण निराळी राहते; शिवाय औषध मेंदूत पुरेसे पोहोचतही नाही.

बाह्य भागातील आणखी एक उदाहरण बृहदांत्राच्या कर्करोगाचे आहे. सेटक्सिमॅब हे शिरेवाटे दिले जाणारे प्रतिपिंड ग्राहीला बाहेरून चिकटून निरोपाची जागा अडविते. काही रुग्णांत ४९२ व्या स्थानावरील सेरीनच्या जागी आर्जिनीन येते व सेटक्सिमॅब चिकटेनासे होते. परंतु पॅनिट्युमुमॅब हे त्याच कामाचे दुसरे प्रतिपिंड तेथे चिकटू शकते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने, एका अमिनो आम्लाच्या बदलाने औषध बदलावे लागते हे स्पष्ट केले.

विकर-भागातील बिघाड

आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या अहवालात बहुधा विकर-भागातील उत्परिवर्तनांचा उल्लेख असतो. त्यांतील दोन सर्वाधिक आढळतात. पहिले म्हणजे एक्झॉन १९ मधील लोप. यात पुष्कळदा ७४६ ते ७५० ही पाच अमिनो आम्ले गळतात. दुसरे म्हणजे एक्झॉन २१ मधील एल८५८आर, अर्थात ८५८ व्या स्थानावरील ल्युसीनच्या जागी आर्जिनीन. फुफ्फुसाच्या कर्करोगातील ईजीएफआर उत्परिवर्तनांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के ही दोनच असतात. दोहोंचा परिणाम सारखा. निष्क्रिय अवस्थेत कायनेजला जखडून ठेवणारी घडी ढिली पडते व ते बाहेरील निरोपावाचून कार्यरत राहते. येथे एक गोष्ट रुग्णाच्या पथ्यावर पडते : याच बदलामुळे एटीपीची पकड काहीशी सैल होते आणि एटीपीच्या जागी बसणाऱ्या गोळीला तेथे सहज स्थान मिळते.

गेफिटिनिबला जपानमध्ये २००२ साली व अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली, तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते. थोड्या रुग्णांत अर्बुद झपाट्याने ओसरे, बहुतेकांत काहीच फरक पडत नसे. २००४ साली बॉस्टनमधील दोन गटांनी याचे कारण दाखविले. त्यांपैकी एका अभ्यासात गेफिटिनिबने उत्तम गुण आलेल्या ९ रुग्णांपैकी ८ जणांच्या अर्बुदात कायनेजमधील उत्परिवर्तने सापडली. पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पूर्व आशियातील १२१७ रुग्णांच्या चाचणीने शंकेस जागा ठेवली नाही. उत्परिवर्तन असणाऱ्यांमध्ये रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ गेफिटिनिबने ९.५ महिने व रसायनोपचाराने ६.३ महिने होता. उत्परिवर्तन नसणाऱ्यांमध्ये चित्र उलटे झाले : गेफिटिनिबने १.५ महिने, रसायनोपचाराने ५.५ महिने. अर्थात तीच गोळी एकाला तारक तर दुसऱ्याला अमूल्य वेळ दवडणारी ठरली. दोघांचा रोग नावाने एकच होता. फरक होता तो एका प्रथिनाच्या एका भागातील.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ९०७ भारतीय रुग्णांच्या अभ्यासात, फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमाच्या सुमारे २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरची उत्परिवर्तने आढळली. कधीही धूम्रपान न केलेल्यांत व स्त्रियांत त्यांचे प्रमाण अधिक असते. ‘विडी-सिगारेट नाही, मग फुफ्फुसाचा कर्करोग कसा?’ असे म्हणून दीर्घकाळचा कास दुर्लक्षिला जाऊ नये, हा यातून घ्यावयाचा पहिला व्यवहारी बोध. त्याच संस्थेच्या ३५० रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ गेफिटिनिबने रोग ८ महिने आटोक्यात राहिला, तर गेफिटिनिबसोबत रसायनोपचार दिल्यावर १६ महिने; मात्र तीव्र दुष्परिणामांचे प्रमाणही दुप्पट झाले.

जागा तीच, फळ वेगळे

कायनेजमध्ये बिघाड आहे एवढ्याने गोळी लागू पडेल असे मात्र नाही. एक्झॉन २० मध्ये काही अमिनो आम्ले जादा घुसली तर कायनेज कार्यप्रवृत्त होते, परंतु औषधाची जागा आकसलेलीच राहते. म्हणून गेफिटिनिब-एर्लोटिनिब यांचा अशा बहुतेक रुग्णांना उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी ग्राहीला बाहेरून धरणाऱ्या अमिवँटामॅब या प्रतिपिंडास अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली.

लागू पडलेली गोळीही कायम लागू पडत नाही. बहुधा वर्षभराच्या आसपास रोग पुन्हा डोके वर काढतो. २००५ साली त्याचे प्रमुख कारण समजले : ७९० व्या स्थानावरील थ्रिओनीनच्या जागी मेथिओनीन येते, हेच टी७९०एम. हे स्थान औषधाच्या कप्प्याच्या तोंडाशी आहे. या बदलाने एटीपीची पकड पुन्हा घट्ट होते व गोळी मागे पडते. गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब घेतल्यानंतर रोग बळावलेल्यांपैकी निम्म्या किंवा किंचित अधिक रुग्णांत हा बदल सापडतो. ऑसिमर्टिनिब हे औषध यासाठीच घडविले गेले. ते ७९७ व्या स्थानावरील सिस्टीनशी पक्का रासायनिक बंध जोडते. अमेरिकेत त्यास २०१५ साली मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी त्यावरील अवरोधाचे कारणही प्रसिद्ध झाले : सी७९७एस, म्हणजे सिस्टीनच्या जागी सेरीन. ज्याला धरावयाचे तेच गेल्यावर बंध जुळणार कोठून? तथापि २०१८ च्या चाचणीत आरंभापासून ऑसिमर्टिनिब दिल्यास रोग १८.९ महिने आटोक्यात राहिला. जुन्या गोळ्यांनी १०.२ महिने.

बिघाड साखळीच्या पुढील कडीत असेल तर ईजीएफआर अडवूनही लाभ नाही. बृहदांत्राच्या कर्करोगात केरास या प्रथिनात उत्परिवर्तन असल्यास सेटक्सिमॅबचा उपयोग होत नाही, हे २००८ साली सिद्ध झाले. कोतवाल स्वतःच दवंडी पिटत सुटला तर पाटलाला गप्प बसवून काय होणार?

वैद्याने काय पाहावे

वरील विवेचनाचे सार एवढेच की गोळीचा परिणाम प्रथिनातील एका सूक्ष्म जागेवर, आणि त्या जागी रोज पुरेशी मात्रा पोहोचण्यावर अवलंबून आहे. जागा ठरविणे आपल्या हाती नाही; मात्रा बिघडविणे मात्र नकळत आपल्या हातून घडू शकते. म्हणून पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

पहिली बाब शोषणाची. गेफिटिनिब व एर्लोटिनिब विरघळण्यास जठरातील आम्लता लागते. आम्लता घटली की गोळीचे शोषण घटते. म्हणून गेफिटिनिब आणि आम्लनाशक औषध यांत सहा तासांचे अंतर ठेवण्याची सूचना आहे व एर्लोटिनिबबाबतही काही तासांचे अंतर सांगितलेले आहे. शंख भस्म, कपर्दिक भस्म, शौक्तिक भस्म व त्यांनी युक्त कामदुधा यांसारखे कल्प अम्लपित्तात आपण नित्य देतो. ती कॅल्शियमयुक्त व आम्लता शमविणारी द्रव्ये असल्याने त्यांनाही हाच नियम लावावा. ऑसिमर्टिनिबच्या शोषणावर आम्लतेचा असा परिणाम होत नाही. यावरून गोळीचे नाव विचारणे किती आवश्यक आहे हे दिसते.

दुसरी बाब यकृत व आंत्रातील विकरांची. या तिन्ही गोळ्यांचे पचन मुख्यतः सीवायपी३ए४ या विकराकडून होते. रिफॅम्पिसिन हे विकर वाढविते. त्यामुळे गेफिटिनिबची रक्तातील एकूण मात्रा ८३ टक्क्यांनी व ऑसिमर्टिनिबची ७८ टक्क्यांनी घटते. क्षयाची औषधे सोबत चालू असलेल्या रुग्णात ही माहिती निर्णायक ठरते व ती अर्बुदतज्ज्ञांपर्यंत पोहोचलीच पाहिजे. याउलट इट्राकोनॅझोलने विकर मंदावून गेफिटिनिबची मात्रा ८० टक्क्यांनी वाढते.

येथे पिप्पली व मरिच यांचा विचार अपरिहार्य आहे. त्यांतील पायपरीन सीवायपी३ए४ या विकरास व औषध पेशीबाहेर टाकणाऱ्या प्रथिनास अवरोध करते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. जम्मूच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल व सहकाऱ्यांनी त्रिकटूच्या याच गुणावर पायाभूत कार्य केले. त्यातूनच पुढे २००९ साली पायपरीनयुक्त व म्हणून कमी मात्रेच्या रिफॅम्पिसिनचे क्षयाचे औषध भारतात आले. १९९८ साली बंगळूरच्या अभ्यासात पायपरीनमुळे कर्क्युमिनचे मानवी शरीरातील शोषण वीसपट वाढल्याचे आढळले. ज्या गुणाचा आपण अभिमान बाळगतो, तोच गुण मोजून-मापून दिलेल्या गोळीच्या बाबतीत अनिष्ट ठरू शकतो. परिणामाची दिशाही नेहमी अपेक्षेप्रमाणे नसते. नेदरलँड्समधील २०१९ च्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना कर्क्युमिन व पायपरीन एकत्र दिले असता, त्या औषधाच्या कार्यकारी अंशाची मात्रा वाढण्याऐवजी सुमारे १२ टक्क्यांनी घटली. स्वयंपाकातील हळद-मिरी हा येथे वादाचा विषय नाही. प्रश्न आहे तो घन, सत्त्व व कॅप्सूल यांच्या औषधी मात्रेचा. ग्रेपफ्रूटही वर्ज्य सांगितले आहे. आपल्याकडील पपनस त्याच कुळातील असल्याने तेही टाळावे.

तिसरी बाब दुष्परिणामांची. ईजीएफआर निरोगी त्वचेत व आंत्रातही कार्य करते. ते अडविले गेल्यामुळेच चेहऱ्यावर व छातीवर मुरुमांसारखे पुरळ, नखांच्या कडांस शोथ, त्वचेस रूक्षता आणि अतिसार ही लक्षणे उत्पन्न होतात. येथे वैद्याच्या साहाय्यास खरोखर वाव आहे. परंतु हे पुरळ ‘रक्त दूषित झाल्याचे’ समजून रुग्णास गोळी बंद करण्यास सांगणे घातक आहे. गोळी थांबल्यावर काही रुग्णांत अवघ्या काही दिवसांत रोग उसळून येतो. तसेच नव्याने उद्भवलेला श्वास, कोरडा कास व ज्वर यांकडे नेहमीचा श्वासविकार म्हणून पाहू नये. या गोळ्यांनी क्वचित फुफ्फुसाच्या आंतरिक ऊतींचा शोथ होतो व तो प्राणघातक ठरू शकतो. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

औषधालयांच्या मालकांसाठी

औषधालयात ग्राहक विचारतो, ‘कर्करोगावर हळदीच्या कॅप्सूल चालतील ना?’ कर्क्युमिनने ईजीएफआरचे संकेत मंदावल्याचे परीक्षानळीतील प्रयोग अनेक आहेत. तथापि परीक्षानळीतील पेशींवर जेवढे द्रव्य पडते तेवढे ते गिळल्यानंतर अर्बुदापर्यंत पोहोचत नाही. शिवाय टी७९०एम असणाऱ्या रुग्णात काय होईल हे एल८५८आर असणाऱ्या पेशींवरून ठरत नाही. म्हणून अशा ग्राहकास एक प्रतिप्रश्न अवश्य करावा : ‘सध्या रोज कोणती गोळी चालू आहे?’ उत्तरात गेफिटिनिब, एर्लोटिनिब किंवा ऑसिमर्टिनिब हे नाव आले तर पिप्पलीयुक्त घन व आम्लनाशक कल्प वैद्याच्या लेखी सल्ल्यावाचून देऊ नयेत. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय अधिनियमाने मनाई आहे आणि ती आयुर्वेदीय औषधांनाही लागू आहे, याचा दुकानात पत्रके ठेवताना विसर पडू देऊ नये.

रुग्णपत्रकात चार नोंदी

अशा रुग्णाच्या पत्रकात चार नोंदी अवश्य असाव्यात : उत्परिवर्तनाचे नाव व तपासणीची तारीख, चालू गोळी, तिची मात्रा व घेण्याची वेळ, आपण दिलेले प्रत्येक द्रव्य व त्याची वेळ, आणि अर्बुदतज्ज्ञांना हे कळविले आहे किंवा नाही. रोग पुन्हा वाढल्यावर तपासणी नव्याने केली जाते, कित्येकदा केवळ रक्तावरूनही. तेव्हा पहिली नोंद बदलून घ्यावी.

रोगाचे नाव समान असले तरी हेतू, स्थान व अवस्था पाहूनच चिकित्सा ठरवावी, ही शिस्त आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षापासून शिकविली जाते. ईजीएफआरचा अहवाल हा त्या शिस्तीचाच रेणूंच्या पातळीवरील प्रत्यय आहे, असे म्हणण्याचा मोह आवरावा. ते ज्ञान स्वतंत्र परिश्रमांतून आले आहे. परंतु स्थान पाहिल्यावाचून औषध न देण्याची सवय आपल्याला आहे. तिच्याच बळावर, रुग्णाने पुढे केलेल्या कागदावरील ती एक ओळ आपण वाचावी व त्याच्या गोळीच्या वाटेत आडवे येऊ नये.